लाईटबिलाचं जाहीर वाचन

पालघर जिल्ह्यात विजेला तोटा नाही. तोटा असलाच तर तो घराघरात, आणि तोही पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर. एरवी विजेच्या बाबतीत आमचं घराणं खानदानी. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरचं, १९६९ च्या ऑक्टोबरपासूनचं. १६० मेगावॅटचे दोन जुने संच, ५४० मेगावॅटचे दोन नवे, बेरीज १४०० मेगावॅट. जुने दोघे २०२० साली दुरुस्तीसाठी बंद ठेवले गेले. पन्नाशी उलटली की तपासण्या मागे लागायच्याच. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला सरकलं की डहाणूचं औष्णिक केंद्र, ५०० मेगावॅटचं. तिथली वीज जाते मुंबईच्या उपनगरांत. डहाणूकराच्या भिंतीवर मीटर महावितरणचा, आणि खिडकीतून जी चिमणी दिसते तिची वीज अंधेरी-बोरिवलीच्या एसीत.

या विजेच्या माहेरघरात अलीकडे एक नवा विषय आला आहे : ऊर्जाबचत आणि हवामानबदल. विषय उत्तम आहे. त्याचा बॅनर छान होतो. पार्श्वभूमीला हिरवी पृथ्वी, खाली दोन तळहात, आणि तळहातांखाली नऊ जणांचे फोटो. पृथ्वी वाचवायला इतके हात पुढे आलेले पाहिले की ऊर भरून येतो. फक्त बॅनरवर मारलेले फोकस सकाळी कोण बंद करतो, तेवढं कळत नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं : शहराने हवामानासाठी काय करावं, याचं उत्तर परिषदेत मिळत नाही, लाईटबिलात मिळतं. आणि गावाचं लाईटबिल आजवर कुणी वाचलेलं नाही. ते भरलं गेलंय, थकवलं गेलंय, फाईलला टोचलं गेलंय, त्यावरून दोन गटांत भांडणंही झाली आहेत. वाचन तेवढं राहून गेलं.

०००

मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जितका कार्बन सोडू तितका शोषून घेऊ किंवा टाळू. मुंबईला ते शोभतं. तिच्याकडे महापालिका आहे, अंदाजपत्रक आहे, सल्लागार आहेत. आता बोईसरने असा आराखडा करायचा म्हटलं तर करायचा कुणी?

बोईसरला शहराला लागणारं सगळं आहे. सहामजली इमारती आहेत, कोचिंग क्लास आहेत, वाहतुकीची कोंडी आहे, २०१३ पासून चर्चगेटहून येणारी डहाणू लोकल आहे, पलीकडे महाराष्ट्रातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक आहे. नाही ते एकच : शहर असल्याचा कागद. कागदावर बोईसर ही ग्रामपंचायत. शेजारी सरावली, खैरापाडा, पास्थळ, कुंभवली, कोलवडे, याही ग्रामपंचायती. इमारती एकमेकींना चिकटल्या, ग्रामपंचायती चिकटल्या नाहीत. संध्याकाळी सरळ रस्त्याने चालत गेलं तर पायाखालचा रस्ता तोच राहतो आणि डोक्यावरच्या दिव्याचा मालक बदलत जातो. इथवर ही पंचायत, पुढच्या वळणापासून ती, मग एमआयडीसी. मध्ये चार खांब असे लागतात की ज्यांच्यावर कुणीच हक्क सांगत नाही. अंधार कुठे आहे त्यावरून हद्द ओळखावी.

पालघरला मात्र नगरपरिषद आहे. शिवाय १ ऑगस्ट २०१४ पासून ते जिल्ह्याचं ठिकाण आहे आणि ऑगस्ट २०२१ पासून कोळगावला सिडकोने बांधलेल्या इमारतींत जिल्हा मुख्यालय आहे. म्हणजे ऊर्जाबचतीची परिपत्रकं काढायला जागेची अडचण राहिलेली नाही. परिपत्रक निघतं मुख्यालयातून, येतं पंचायत समितीत, उतरतं ग्रामपंचायतीत आणि तिथे सूचनाफलकावर लागतं. सूचनाफलकावरची ट्यूब गेलेली असते. बचतीला सुरुवात झाली म्हणायची.

०००

राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं २ ऑक्टोबर २०२०ला. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूतं, आणि प्रत्येक भूताला गुण. मुळात कल्पना चांगली आहे. गावागावांत स्पर्धा लागली तर चांगलंच. अग्नी म्हणजे ऊर्जा. दिवे एलईडी करा, सौर पॅनेल बसवा, बचत दाखवा, गुण घ्या.

आता आमचे लोक गुण मिळवण्यात जन्मजात हुशार. झाड लावताना फोटो निघतो, सायकल चालवताना फोटो निघतो, शपथ तर ऑनलाइनच घेता येते, घरबसल्या. अग्नीचं दुखणं असं की वाचलेल्या युनिटचा फोटो निघत नाही. न जळलेला दिवा कॅमेऱ्यात कसा पकडणार? त्याचा पुरावा एकाच कागदावर असतो : गेल्या वर्षीच्या याच महिन्याचं बिल आणि या महिन्याचं बिल शेजारीशेजारी. मग आकाशाचे गुण मिळतात, वायूचे मिळतात, अग्नी तेवढा मागे राहतो. ज्या जिल्ह्याने देशाला पहिली अणुवीज दिली, तिथे हे!

०००

भर दुपारी बारा वाजता रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला नाही, असं गाव या टापूत शोधावं लागेल. दिवे जळणाऱ्याच एका गावात ग्रामसेवकाशी झालेला हा संवाद. गावाचं नाव सांगत नाही, कारण प्रत्येकाला ते आपलंच वाटणार.

“भाऊसाहेब, दिवसा दिवे चालू आहेत.”

“चालू असलेले बरे. कुठला बंद पडलाय ते लगेच कळतं.”

“पण बिल?”

“बिलाचं काय, ते येतंच.”

“बंद कोण करतं?”

“बाळू. तो लग्नाला गेलाय.”

भाऊसाहेबांची यात चूक नाही. ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची बिलं वर्षानुवर्षं वरूनच परस्पर भागवली जात होती. मग २०२१ साली शासनाने सांगितलं की ती पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून तुम्हीच भरा. त्यावरून राज्यभर सरपंच रस्त्यावर आले, थकबाकीपायी गावंच्या गावं अंधारात गेली. निधी विकासाचा की बिलाचा, हा वाद रास्त होता. पण त्या वादातून एक गोष्ट उघडी पडली : कित्येक गावांना आपले दिवे किती आणि बिल किती, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मोजल्यावर काही ठिकाणी दिवे कमी निघाले, काही ठिकाणी वायरी जास्त.

हिशेब अवघड नाही. ४० वॅटचे शंभर दिवे दिवसाचे बारा तास फुकट जळले तर रोज ४८ युनिट. महिन्याला चौदाशेच्या वर. यावर उपाय म्हणून अंधार-उजेड ओळखून आपोआप चालू-बंद होणारं बटण मिळतं, घड्याळावर चालणारं मिळतं, आणि त्याची किंमत उद्घाटनाच्या मंडपापेक्षा कमी असते. तीच त्याची अडचण आहे. बटणाचं उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला ते फारच लहान पडतं.

०००

पाण्याकडे वळू. पालघर शहर आणि २६ गावांना सूर्या नदीचं पाणी नळयोजनेने येतं. (याच सूर्येचं पाणी रोज ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला. वीज उपनगरांना, पाणी महापालिकांना, आम्हाला नदीचं नाव पाठ.) पाणी चढणीवर आपणहून चढत नाही, पंप चढवतो. म्हणून कुठल्याही लहान शहराच्या लाईटबिलात पाण्याच्या पंपांचा वाटा सगळ्यात जाडजूड. रस्त्यात फुटलेल्या जलवाहिनीतून जे उसळतं ते नुसतं पाणी नसतं. नदीवर उपसलेलं, शुद्ध केलेलं, टाकीत चढवलेलं पाणी असतं. प्रत्येक टप्प्याची वीज त्यात मुरलेली असते. ती वीज गटारातून खाडीला जाते, आणि खाडीचं बिल नगरपरिषद भरते.

त्यात पंप जुने. इम्पेलर झिजलेला, मोटर तीनदा रिवाइंड केलेली. दर रिवाइंडिंगला मोटर थोडी जास्त वीज प्यायला शिकते. पण पंप चालतोय ना? मग चालतोय. चालत्या पंपाला नवा पंप मागणारा अभियंता म्हणजे नक्की कुणाचा तरी नातेवाईक, असा आपल्याकडे समज आहे. सभागृहात पंपाच्या किमतीवर दोन तास चर्चा होते. तो पंप वर्षभरात जेवढी वीज खाणार तिची किंमत त्याच्या खरेदीहून कितीतरी जास्त भरते, पण ती विषयपत्रिकेवर नसते.

पालघरहून फ्लाइंग राणीत बसलं की उत्तरेला सुरत. तिथल्या महापालिकेने पाणी उपसणाऱ्या पंपांचं ऊर्जालेखापरीक्षण हा आपल्या रोजच्या कामाचा भाग केला, पुढे स्वतःच्या पवनचक्क्याही उभ्या केल्या. सुरतेच्या लोकांना पैशाची किंमत कळते म्हणून त्यांना वातावरणाची कळली. आपल्याकडे उलट. वातावरणावर आपण सहज गहिवरतो; बिलाचा विषय निघाला की घड्याळाकडे बघतो.

०००

आता बोईसरला लागून असलेली तारापूरची एमआयडीसी. इथे जरा थांबायला हवं, कारण आमच्या जिल्ह्याची खरी आग इथे आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. तारापूरला ९३.६९. देशात पहिला क्रमांक. दिल्लीचं नजफगढ खोरं दुसरं, मथुरा तिसरं. आमच्या पोरांनी दहावीला एवढे गुण मिळवले असते तर त्यांचेही बॅनर लागले असते. या यशाचा एकही बॅनर कुठे लागला नाही, हा कारखानदारांचा विनय.

प्रदूषणावर उपाय काय, असं विचारलं की नवं यंत्र, नवा प्रकल्प, नवी निविदा अशी उत्तरं येतात. ती लागतीलच. पण औषध, रंग, कापड, पोलाद, कुठल्याही कारखान्याच्या मागच्या बाजूला बॉयलरपाशी गेलं तर आधी वेगळंच दिसतं. पाइपाच्या सांध्यातून वाफेची पांढरी शेपटी निघालेली. दुरुस्तीसाठी काढलेलं ग्लासवूलचं आवरण कोपऱ्यात पडलेलं आणि पाइप उघडा तापलेला. स्टीम ट्रॅप उघडाच अडकलेला. वाफ काम करून परत पाणी झाली, ते कढत पाणी बॉयलरला परत न जाता थेट गटारात. गटारावर धुकं. नवखा माणूस म्हणेल, काय रमणीय पहाट आहे!

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मार्गदर्शिकेत एक साधा हिशेब आहे. दर चौरस सेंटिमीटरला सात किलो दाबाची वाफ वाहणाऱ्या पाइपाला तीन मिलिमीटरचं भोक पडलं, तर वर्षाला ३३ हजार लिटर भट्टीतेल वाया जातं. दिवसाला नव्वद लिटर. एका भोकातून. कुणी रोज नव्वद लिटर तेल गेटबाहेर ओतलं असतं तर मालकाने पोलिसांत तक्रार केली असती. वाफ होऊन गेलं, म्हणून चालतं. तीच मार्गदर्शिका सांगते की बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण एक टक्का इंधन वाचतं. म्हणजे गटाराला दिलेलं कढत पाणी नुसतं परत आणलं तरी पैसा, कोळसा आणि धूर, तिन्ही कमी.

हे सगळं बॉयलर अटेंडंटला माहीत असतं. त्याला कुणी विचारत नाही. ऑडिटर येतो, जाड अहवाल देतो, अहवाल स्पायरल बायंडिंग होऊन एमडींच्या कपाटात विसावतो. अटेंडंटची सूचना तोंडी असते, म्हणून फुकट. अहवाल बांधीव असतो, म्हणून मौल्यवान. खरं तर कारखानदारांच्या असोसिएशनने एवढंच करावं : दर महिन्याला एक दिवस, प्रत्येक कारखान्यात, भोकं मोजायची. मागच्या महिन्यात किती, या महिन्यात किती. हवामान परिषदेला जाताना तो आकडा खिशात ठेवावा. स्लाइडवर लावायला संकोच वाटला तर उत्तमच, संकोचाने भोकं लवकर बुजतात.

०००

या कारखान्यांत राबणारी माणसं राहतात कुठे? बोईसरच्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत. दहा बाय बारा, वर पत्रा, सहा जण. तिघे दिवसपाळीला, तिघे रातपाळीला. खोलीतला पंखा मात्र दोन्ही पाळ्या करतो.

जुना पंखा ७५ वॅटचा. नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटचा, वारा तेवढाच. फरक ४५ वॅटचा. दिवसाचे बावीस तास धरले तर रोज एक युनिट, महिन्याला तीस. खोलीला सबमीटर लावलेला, दर मालक सांगेल तो. दहा रुपये धरला तर महिन्याला तीनशे. अडीच-तीन हजारांचा पंखा वर्षभराच्या आत फिटतो. इतका फायद्याचा व्यवहार दलाल स्ट्रीटवरही सापडायचा नाही. तरी तो होत नाही. का? पंखा मालकाचा, बिल भाडेकरूचं. मालक म्हणतो, माझा पंखा चालू आहे. भाडेकरू म्हणतो, मी उद्या इथे असेन की नाही कुणास ठाऊक, मालकाच्या छताला माझा पंखा कशाला? दोघंही शहाणे. दोघांच्या शहाणपणात तीस युनिट जातात, आणि वर पत्रा मे महिन्यात तापत राहतो.

पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर खोली काही अंशांनी थंड राहते, हेही सगळ्यांना माहीत आहे. पांढरा चुना काही परदेशातून आणावा लागत नाही. पण छप्पर मालकाचं आणि उकाडा भाडेकरूचा. ही वाटणी बदलेपर्यंत हवामानबदलावरची व्याख्यानं वातानुकूलित सभागृहातच होणार. एसी अर्थात १८ वर. नवे एसी २०२० पासून कारखान्यातून निघतानाच २४ अंशांवर लावलेले येतात आणि एक अंश वर सरकवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, पण साहेबांचा हुद्दा तापमानाच्या उलट्या प्रमाणात मोजायची पद्धत आहे. अठराला बसणारा मोठा, चोविसाला बसणारा क्लार्क, आणि बाहेर बाकावर पस्तिसात बसणारा तो नागरिक.

०००

छपरावरून आठवलं. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली. तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान. आमच्याकडे ऊन मुबलक, छप्परंही मुबलक. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं. बंगलेवाल्यांनी बसवली, छान झालं. सोसायट्यांचं गाडं मात्र गच्चीवर अडतं. गच्ची कुणाची, हा प्रश्न महाराष्ट्रात सीमाप्रश्नाइतकाच जुना. वरच्या मजल्यावाल्याला वाटतं ती आपली, बिल्डरला वाटतं अजून आपली, सेक्रेटरीला वाटतं तिथे पत्र्याची शेड घालावी म्हणजे गळती थांबेल. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. पण त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, आणि आमच्या सर्वसाधारण सभा पार्किंगच्या पुढे सरकल्याचा इतिहास नाही.

हे होऊ शकत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचं गाव आहे. २०२४ साली ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. ग्रामपंचायत केवढीशी, गाव केवढंसं! अणुवीज केंद्र नाही, औष्णिक केंद्र नाही, एमआयडीसी नाही. कदाचित म्हणूनच जमलं. ज्यांच्या डोक्यावरून दुसऱ्याची वीज जात नाही, त्यांना स्वतःचं छप्पर लवकर दिसतं.

०००

आणि मान्याचीवाडी लांबची वाटत असेल तर डहाणू जवळच आहे.

डहाणू तालुका २० जून १९९१ ला पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. जाहीर होऊन कुणी नाजूक वागत नाही, म्हणून नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. औष्णिक केंद्राच्या धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असं प्राधिकरणाने १९९९ मध्ये सांगितलं. कंपनी म्हणाली, गरज नाही. प्राधिकरण म्हणालं, बसवा. कंपनी म्हणाली, महाग आहे. प्राधिकरण म्हणालं, बसवा. २००५ साली तीनशे कोटींची बँक हमी मागितली गेली. २००७ साली यंत्रणा चालू झाली. गंमत पाहा : पुढे २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतांश कोळसा केंद्रांना याच यंत्रणेतून सूट देऊन टाकली. डहाणूच्या चिकूच्या बागांनी जे आठ वर्षांत मिळवलं, ते देशाने एका अधिसूचनेत माफ केलं.

यातला धडा यंत्रणेचा कमी आणि चिकाटीचा जास्त. दर बैठकीला तोच प्रश्न विचारायचा, मागच्या वेळचं उत्तर समोर ठेवून विचारायचा, आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचं. त्याला आराखडा लागला नाही, लोगो लागला नाही. एक निवृत्त न्यायमूर्ती आणि न कंटाळणारे काही नागरिक पुरले. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत गेले. त्याच प्राधिकरणाने पुढे जुलै २०२३ मध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराला परवानगी दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला भूमिपूजन झालं, खर्च ७६ हजार २२० कोटी. तेव्हा संस्था आपोआप जागी राहते या भ्रमात कुणी राहू नये. प्रश्न विचारणारा उठून गेला की खुर्ची नुसती खुर्ची उरते.

हवामान मात्र कुणाची वाट पाहत नाही. तिकडे सातपाटीच्या कोळीवाड्यात समुद्र उधाणाला बंधारा ओलांडून घरात येतो, २०२१ च्या तौक्ते वादळाने किनाऱ्यावर काय केलं ते कोळी विसरलेले नाहीत, आणि ज्या पापलेटवर गाव मोठं झालं ते जाळ्यात येईनासं झालं आहे. सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. आपल्याकडे गोष्ट दुर्मीळ झाली की तिला दर्जा मिळतो. यापुढे विजेच्या बचतीलाही राज्यबचत म्हणून जाहीर करावं, असा आमचा प्रस्ताव आहे.

०००

प्रस्तावाचा विषय निघालाच आहे तर एक खराखुरा देऊन टाकतो. ग्रामसभा भरते २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. यातल्या पहिल्या तीन दिवशी झेंडावंदन, राष्ट्रगीत, खाऊवाटप असं होतंच. चारही सभांत एक विषय घाला : गावाच्या लाईटबिलाचं जाहीर वाचन. पालघर नगरपरिषदेने तेच सर्वसाधारण सभेत करावं. पंधरा मिनिटं लागतील. भाषणांतून तेवढी सहज वाचवता येतील.

वाचायचं काय? एकूण रक्कम सोडा, ती सगळे वाचतात आणि सुस्कारा टाकतात. त्याच्या आसपासचं बारीक अक्षर वाचा. मीटर किती, आणि त्यातले बंद किती. बंद मीटरला सरासरी बिल येतं, म्हणजे तुम्ही वाचवा किंवा उधळा, आकडा तोच. पंपाला करारातली मागणी किती घेतली आहे आणि प्रत्यक्ष कमाल किती चढते. जास्त घेऊन ठेवली असेल तर न वापरलेल्या विजेचा आकार दर महिन्याला चालला आहे. पॉवर फॅक्टर किती. खाली घसरला की बिल चढतं, आणि तो सावरायला कपॅसिटर पुरतो. थकबाकीवर व्याज किती; त्या व्याजात किती एलईडी आले असते. शेवटी, याच महिन्यात गेल्या वर्षी युनिट किती होते. बस्स. एवढे पाच मुद्दे फळ्यावर लिहा आणि पुढच्या सभेपर्यंत पुसू नका.

मग बघा काय होतं. कुणीतरी विचारेल, समाजमंदिराला एवढी वीज कशी? कुणीतरी सांगेल, त्याच्या मीटरवरून कुणाची टपरी चालते. कुणी बाळूच्या लग्नाचा विषय काढेल. दंगा होईल. होऊ द्या. नेट झिरोवर आजवर कुठल्याही ग्रामसभेत दंगा झालेला नाही, कारण त्यात कुणाचं काही जात नव्हतं. ज्या विषयावर आमच्या गावात भांडण होतं, तोच विषय आमच्या गावाला समजलेला असतो.

पहिल्या सभेत एक अडचण नक्की येणार, ती आधीच सांगून ठेवतो. बिलं सापडणार नाहीत. मागची दोन कपाटात असतील, तीन लेखापरीक्षणाला गेलेली असतील, उरलेली कुणाच्या तरी मोबाइलवर आली असतील आणि तो माणूस बदलून गेला असेल. हरकत नाही. ‘वीज बिले उपलब्ध नाहीत’ असं इतिवृत्तात स्वच्छ लिहून, वाचून दाखवून, खाली सह्या घ्या. हवामान कृती आराखड्यातलं पहिलं खरं वाक्य लिहून झालं असेल.